चार वाजता उघडणारी फळी

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी बटरवर्थहून दुपारची फेरीबोट धरायची आणि पलीकडे बेटावरच्या जॉर्जटाउनमधलं आमचं जुनं घर तपासून यायची. चौकातल्या गटाराची जाळी, कौलांखालची ओल, भिंतींचा चुना, जिन्याची तिसरी पायरी. पिशवीत वही असते. एकोणीस वर्षं मी या घराची वही लिहिते आहे. कुठलं कौल कधी बदललं हे मी पानावर बोट ठेवून दाखवू शकते. तेव्हा पुढे जे सांगते त्यातल्या तारखा आणि वेळा बरोबर आहेत, एवढं धरून चाला.

घर रस्त्याकडून पाहिलं तर जेमतेम पंधरा फुटांचं. पण आत शिरलं की संपता संपत नाही. समोर दुकानाची खोली, मग उघडा चौक, मग स्वयंपाकघर. वर दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या लाकडी जमिनीत, बरोबर दाराच्या वर, तळहाताएवढी एक सुटी फळी आहे. जुन्या घरांत असतेच. खाली कुणी दार वाजवलं की वरून फळी उचलायची, कोण आहे बघायचं, आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवायचं.

माझी आई, म्हणजे मा, दुपारी चार वाजता तिथे बसलेली असायची. मी गोदामातल्या कारकुनीवरून घरी यायची ती वेळ. मी पडवीत उभी राहून वर बघायची. फळीच्या फटीत एक डोळा दिसायचा, आणि मग जिन्यावर तिच्या खडावा वाजायच्या. तिचे पाय बाईमाणसाच्या मानाने खूपच मोठे. खडावा मापाने करून घ्याव्या लागत. माझा धाकटा भाऊ केओंग त्यांना फेरीबोटी म्हणायचा.

"आ-ची, बाजूला हो, फेरीबोटी धक्क्याला लागतायत!" तो ओरडायचा. आमच्या चिनी घरांत थोरल्या बहिणीला आ-ची म्हणतात.

"लागू देत की धक्क्याला!" मा जिन्यावरूनच म्हणायची. "याच पायांनी तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाले होते. नाजूक पायांची असते तर तू आज नसतास."

हे बोलताना ती नकळत वरच्या मागच्या खोलीकडे बघायची. त्या खोलीची गोष्ट आम्हाला लहानपणापासून माहीत होती. आजोबांनी घर घेतलं त्याआधी इथे एक व्यापारी कुटुंब राहायचं. जपान्यांचे बॉम्ब पडले त्या आठवड्यात ते सगळे पळाले. त्यांच्या म्हातारीचे पाय जुन्या चिनी पद्धतीने लहानपणी बांधून इवलेसे ठेवलेले. तिला पळता येईना. दोन दिवसांत न्यायला येतो, असं सांगून तिला ठेवून गेले. शेजारी सांगत, म्हातारी फळी उचलून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, माझी माणसं दिसली का? मेल्यावर देव्हाऱ्यात पुजायची तिच्या नावाची पाटी कुणी केली नाही, उदबत्ती कुणी लावली नाही. मा मात्र दर अमावास्या-पौर्णिमेला त्या खोलीच्या उंबऱ्यावर चहाचा एक पेला ठेवायची. "त्रास नाही हो तिचा," म्हणायची. "बसली आहे बिचारी वाट बघत."

शेवटच्या वर्षांत माला ऐकू येईनासं झालं. प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागे. खरं लिहायचं तर मला त्याचा कंटाळा यायचा. पुष्कळदा मी "काही नाही" म्हणून विषय संपवायची. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला. अंगाला नेहमीसारखा जायफळाच्या तेलाचा वास. म्हणाली, "घर बंद ठेवू नकोस, वाळवी लागेल. भाड्याने दे. पण मला इथे ठेवू नकोस. त्या म्हातारीसारखं मला ठेवून जाऊ नकोस. तुझ्याबरोबर ने."

"नेईन," मी म्हणाले. मग तिला ऐकू गेलं नसेल म्हणून कानाशी जाऊन पुन्हा ओरडले, "नेईन, मा!"

वर्षभराने घर दुरुस्त करून मी भाड्याने द्यायचं ठरवलं. देव्हारा माझ्या बटरवर्थच्या फ्लॅटमध्ये न्यायचा होता. रीत अशी की मुलाने पाटी आणि उदबत्त्या रोवायचं राखेचं उदपात्र घ्यायचं, वर काळी छत्री धरायची, आणि सोबतच्या माणसाने वाटेभर गेलेल्याला हाका मारत जायचं. मा, उंबरा आला. मा, डावीकडे वळतोय. मा, पाणी ओलांडतोय, बोटीवर पाय टाक. हाक चुकली की माणूस मागे राहतं. हाका मारायचं काम माझं होतं.

आम्ही बाहेर पडलो तर पडवीत आठदहा पर्यटक उभे. छत्री, धूर, पाटी बघून त्यांचे कॅमेरे वर झाले. एक मुलगी तर गुडघ्यावर बसून आमचा फोटो घ्यायला लागली.

"आ-ची, जरा हळू," केओंग पुटपुटला. "तमाशा झालाय आपला."

मलाही लाज वाटली. मी हाका मारल्या, एकही गाळली नाही. पण ओठांतल्या ओठांत.

फ्लॅटवर पोचल्यावर कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी आणि एक पालथी पडली की होकार. मा, आलीस का? दोन्ही पालथ्या. आलीस का? दोन्ही पालथ्या. तिसऱ्यांदा होकार आला. खरं तर सलग तीन होकार लागतात. पण केओंगला कामावर जायचं होतं. "आली म्हणतेय ना? झालं तर," तो म्हणाला. मी वहीत लिहिलं : नाही, नाही, हो.

घरात भाडेकरू आले ते सिन्नप्पन. निवृत्त शिक्षक, आता पुस्तकं बांधायचं काम करतात. एकटेच, स्वच्छ, भिंतीला खिळा मारायचा तरी आधी फोन करणारे. चार महिन्यांनी मी गेले तेव्हा खळ ढवळता ढवळता म्हणाले, "घरमालकीणबाई, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. का हो?"

"नाही, कुणीतरी माझ्या बिजागऱ्यांना तेल घालतंय. दारं वाजेनाशी झालीत. चोर असेल तर फार गुणी चोर आहे म्हणायचा."

मी हसले. त्यांनी खळीची काडी खाली ठेवली.

"आणि ती वरची फळी. चार वाजले की उघडते. मला वाटलं लाकूड फुगत असेल, म्हणून दोन खिळे मारले. दुसऱ्या दिवशी फळी उघडी, आणि खिळे बशीत ठेवलेले... उपसताना वाकले असणार ना ते? तर नाही. ठोकून सरळ केलेले."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मा एकही खिळा टाकून द्यायची नाही. वाकडा खिळा पाट्यावर ठेवायचा, हातोडीने अलगद सरळ करायचा, बशीत ठेवायचा. घर असंच टिकतं, म्हणायची.

चारला पाच मिनिटं होती. मी बाहेर पडवीत जाऊन उभी राहिले. लख्ख ऊन होतं. समोर शहाळीवाला सुरा चालवत होता, रिक्षाची घंटी वाजत होती. मग एकदम ते सगळे आवाज लांब गेल्यासारखे वाटले. डोक्यावर लाकूड लाकडाला घासलं... अगदी हळू. फळी दोन बोटं वर झाली. आत अंधार. जायफळाच्या तेलाचा वास खाली उतरला.

"मा," मी म्हणाले.

फळी तशीच राहिली. ऐकू गेलं नव्हतं तिला. त्या दिवशीही गेलं नव्हतं. ओरडल्याशिवाय तिला ऐकू येत नाही हे जगात मला एकटीला नीट माहीत होतं, आणि मीच परक्यांच्या लाजेने कुजबुजले होते.

पुढच्याच शनिवारी मी केओंगला बोलावून घेतलं. सिन्नप्पन आपणहून चौकात जाऊन उभे राहिले, वाट मोकळी करून. वरच्या खोलीत मी तीन जाड उदबत्त्या लावल्या. घरातून त्या पेटत्या न्यायच्या आणि फ्लॅटवरच्या उदपात्रात रोवायच्या, असं ठरलं होतं. केओंगने उदबत्त्या आणि छत्री धरली. माच्या जुन्या खडावा मी काखेत घेतल्या. आणि मग मी छाती भरून श्वास घेतला.

"मा! मी न्यायला आलेय! फार वाट बघायला लावली! चल आता!"

आमच्यात आईचं नाव मुलांनी तोंडाने घ्यायचं नसतं. मी फक्त मा म्हणाले. आवाज वरच्या दोन्ही खोल्यांत घुमला, चौकात उतरला. जिन्यावर ओरडले, उंबऱ्यावर ओरडले. पडवीत पर्यटक होतेच. मी त्यांच्यामधून ओरडत गेले, "मा, डावीकडे! मा, गटार आहे, सांभाळ!" कुणी हसलं, कुणी फोटो काढला. माझे डोळे वाहत होते आणि मला कसलीही लाज वाटत नव्हती.

"आ-ची, जरा भरभर चाल ना," केओंग म्हणाला. "उदबत्त्या संपतील वाटेत."

"चालतेच आहे की."

"कसली चालतेस! मुंगीसारखी चाललीयेस."

खरंच होतं. माझी पावलं आखूड पडत होती. पुढे टाकायला जावं तर मागून कुणी बाहीला धरून हळू चाल म्हणतंय, असं काहीतरी. मला वाटलं, दीड वर्षाने घराबाहेर पडतेय, दमत असेल. माझ्या ध्यानात आलं नाही की मा कधीच हळू चालायची नाही.

फ्लॅटवर कौल लावला. आलीस का? होकार. आलीस का? होकार. आलीस? होकार. पटापट, जणू चंद्रकोरी हातातून सुटायच्या आधीच उत्तर तयार होतं. केओंग लहान मुलासारखा रडला. मी खडावा देव्हाऱ्याखाली ठेवल्या आणि वहीत लिहिलं : हो, हो, हो.

सोमवारी सिन्नप्पन यांचा फोन आला.

"बाई, सांगू की नको असं झालंय..."

"सांगा."

"काल चार वाजता फळी उघडली. आजही."

फोन ठेवून मी देव्हाऱ्यापाशी गेले. सकाळी उदपात्रातली राख जमिनीवर सांडली होती, ती पुसायची राहिली होती. खडावा होत्या तिथेच होत्या, कुणी घातलेल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी राखेत पावलाचा एक ठसा होता. मी वाकून त्यावर हात धरला. ठसा माझ्या तळहाताएवढाही नव्हता. पुढे निमुळता होत गेलेला.

मी चंद्रकोरी उचलल्या. तुम्ही माझी मा आहात का? दोन्ही पालथ्या. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा पालथ्या. तुम्ही... मागच्या खोलीतल्या आजी का? एक उताणी, एक पालथी. तीनदा.

आता एकच प्रश्न उरला होता. परत नेऊन सोडू का? मी तो विचारायला हात वर केला. मग आठवलं, त्या दिवशी वरच्या खोलीत मी काय म्हणून ओरडले होते. न्यायला आलेय. फार वाट बघायला लावली. ऐंशी वर्षांत तिला हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं.

मी चंद्रकोरी जागेवर ठेवल्या आणि चहाचे दोन पेले भरले. एक माच्या पाटीपुढे, एक तिच्या शेजारी.

तेव्हापासून मी महिन्याऐवजी दर शनिवारी जाते. चारला पडवीत उभी राहून पूर्ण ताकदीने हाक मारते. शहाळीवाल्याला सवय झाली आहे. फळी उचलली जाते, वास येतो. पूर्वी मी दार ढकलून आत जाईपर्यंत मा फळी उघडीच ठेवायची. हल्ली ती मला बघते, मग जरा माझ्या बाजूला बघते असं वाटतं, आणि फळी अलगद लावून घेते. माझ्याबरोबर कुणी पाहुणं असलं की ती असंच करायची. मध्ये पडायची नाही. केओंगला बरोबर नेऊन पाहिलं, नव्या उदबत्त्या नेऊन पाहिल्या. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजत नाही.

परवाच्या शनिवारी आत गेले तर सिन्नप्पन मान खाली घालून पुस्तकाचा पुठ्ठा चिकटवत होते. राखेचं, ठशाचं मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. दाराकडे एक नजर टाकून ते उठले, माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग कोपऱ्यातलं ठेंगणं स्टूल आणून फडक्याने पुसलं आणि खुर्चीशेजारी ठेवलं.

"बसा," ते म्हणाले. "आजींना उंच खुर्चीवर त्रास होतो ना."