आभाळाची ओल मोजताना

पेणच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी माणसाने आपली जड बॅग मृणालीच्या खोक्यावर टेकवली आणि तिचं डोकंच फिरलं.

"उचला ती! आत यंत्र हाय, बटाटे नाय!"

त्याने घाईने बॅग उचलली, खोक्यावरचं नाव वाचलं. "रेडिओ दुर्बिणीसाठी हवेतली वाफ मोजतं, ते हेच ना...? मी आदेश. इथला जवळचाच, रोह्याचा. वेधशाळेनं तपासायला पाठवलंय."

झाली ना पंचाईत! यंत्र वेधशाळेचंच, पण जुनंपुराणं. कागदावर रेघा ओढणारी त्याची पेनं काढून मृणालीने वर्षभर खपून कॉम्प्युटर जोडला होता. आता हा पास म्हणेल तरच ते दुर्बिणीकडे परत जाणार. नाहीतर भंगारात, तिच्या मेहनतीसकट.

धरमतरच्या खाडीकाठी तिच्या घराच्या गच्चीवर चाचणी सुरू झाली. इथली दमट हवा सोसली, तर ते कुठलीही सोसेल. सकाळी आकडे अगदी शहाण्यासारखे, दुपारी मात्र उसळी. आभाळ निरभ्र आणि यंत्र म्हणे ढग आलेत!

तिसऱ्या दिवशी आदेश हळूच म्हणाला, "मृणाली... तुमची जोडणी फसली. मला तसं कळवावं लागेल."

ती तरातरा गच्चीवर गेली. यंत्राचं तोंड जिकडे होतं तिकडे पाहिलं. समोर शेजारच्या गोदूबाईची दोरी, दोरीवर रोज दुपारी वाळत घातलेले ओले बोंबील! यंत्र बिचारं त्यांचंच पाणी मोजत होतं.

"यंत्राचं टेबल कुणी फिरवलं? मी खाडीकडं तोंड करून ठेवलं व्हतं!"

मागोमाग आलेल्या आदेशचे कान लाल झाले. "मी... पहिल्याच दिवशी. टेबल असं फिरवून इथं बसलं की गच्चीवरच्या तुमच्या खोलीची खिडकी दिसते. तुम्ही काम करताना... म्हणजे – आवडता मला. फार."

"म्हणून माझ्या वर्षभराच्या कामावर पाणी फिरवायला निघालास?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाने. "आवडते, तर तोंडानं सांगायचं व्हतं!"

"काय झालं गो?" गोदूबाई खालून ओरडली. "माझे बोंबील नडले काय?"

"बोंबील नाय काकी, हा माणूस नडला!"

त्याने टेबल पुन्हा खाडीकडे फिरवलं. दुपार कलली तरी आकडे जागचे हलले नाहीत.

"पास," तो म्हणाला. "चूक माझी, तेही कळवतो. आता तरी... राग गेला?"

"नाय." तिने तोंड फिरवलं, पण जिन्याशी थबकली. "घरी जाऊन आईला सांग, पोरगी लय रागीट हाय. तरी बघायला येते म्हणाली, तर रविवारी घेऊन ये."