विषय फार मोठा आहे

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय.

मंगळवार होता. भर दुपार. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली जुन्या प्रबंधांची खोली.

ताईला पीएचडीचा विषय पक्का करायचा होता. शुक्रवारी शेवटची तारीख. चुकली तर जागा हातची जाणार. 'जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्यांचं जगणं' हा तिचा विषय तिच्या मार्गदर्शक सरांनी दोनदा परत पाठवला होता. फार मोठा आहे, एवढंच म्हणायचे.

खोलीत ती एकटीच. दाराबाहेर ग्रंथपाल बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

शिक्क्यांचा आवाज थांबला...

पंखा फिरत होता. पण त्याचाही आवाज येईना.

मग कागदावर पेन्सिल घासल्यासारखं काहीतरी... अगदी तिच्या कोपराजवळ.

तिच्या कागदावर 'जोडीदार' खोडलेलं होतं. वर बारीक अक्षरात 'नवरा'.

तिच्या डोळ्यांदेखत 'मागे राहिलेल्यांचं' खोडलं गेलं. 'एकाच बाईचं.'

मग... 'वय अठ्ठावन्न. निवृत्त शिवणशिक्षिका.'

हे तर तिच्या आईचं, म्हणजे माझ्या मावशीचं वर्णन.

पण काका, म्हणजे ताईचे बाबा, चांगले धडधाकट होते. सकाळीच तिला स्टॉपवर सोडून गेले होते.

तिनं कागद फाडायला घेतला.

फाडला नाही.

भीती वाटलीच, असं तिनं मला नंतर सांगितलं. पण त्याआधी वाटलं, विषय आता नेमका झालाय.

त्याच दिवशी तिनं तो टाइप केला, तारीख घालून सही केली. सरांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

"ही बाई बोलायला तयार होईल?"

"होईल," ताई म्हणाली.

गुरुवारी काका जेवून हात धुवायला उठले...

नळ वाहतच राहिला.

वर्षभर ताई आईच्या नोंदी करत होती. किती वेळ रडली, चुकून दोन ताटं कधी मांडली. मावशीनंही लेकीचं काम म्हणून काही लपवलं नाही. पुढे काही वर्षांनी ताईला पदवी मिळाली, कॉलेजात नोकरीही.

गेल्या महिन्यात मावशीनं मला एकट्याला बोलावलं. तिच्या हाती तो टाइप केलेला कागद लागला होता. तारखेवर तिचं बोट होतं.

"हे दोन दिवस आधीचं आहे ना रे?"

टायपिंगची चूक असेल, असं मी पुटपुटलो.

तिनं कागदाची नीट घडी घातली.

"मी पाहिलंय हे तिला सांगू नकोस. नवीन नोकरी आहे तिची."

ते अक्षर कुणाचं, आजवर कळलेलं नाही. मी ताईला काही बोललेलो नाही.

तिचा फोन येतो, तेव्हा मी तो वाजू देतो.