बरोबर चारशे चाळीस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या.

मी जन्मभर लोकांना टोप्या घातल्या. त्यामुळे माझं कोणी खरं मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ही थाप नाही. हे झालं तेव्हा मी तिथून दहा पावलांवर, साउंडच्या मिक्सरमागे बसलो होतो.

मंगळवार. दुपारचे पावणेचार. हॉल रिकामा. खुर्च्या अजून एकमेकींवर चढवलेल्या.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रिकाम्या हॉलमध्ये दुपारी बसून बघावं.

आधी माणसं सांगतो.

फिरक्या म्हणजे माझा मावसभाऊ. गिटारवाला. सगळ्यांच्या फिरक्या घेतो म्हणून हे नाव. वय पन्नास, अक्कल बारा. बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायचा त्याचा साडू. त्याला आम्ही काटा म्हणायचो, कारण त्याचा सूर म्हणजे सोनाराचा काटा. डोक्यावरचा पंखा कुठल्या सुरात फिरतोय तेही सांगायचा.

फिरक्याच्या पायाशी गिटारचा आवाज बदलणारी चौदा पेडल. एक आवाज फाडणारं, एक घुमवणारं, एक कशासाठी आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. काट्याच्या पायाशी फक्त तीन. जुन्या कपाटाच्या दाराची फळी कापून त्यावर बसवलेली. त्यातलं पहिलं म्हणजे ट्यूनर, सूर दाखवणारी डबी. ती दाबली की गिटारचा आवाज बंद होतो, आणि तार नीट लागली की हिरवा दिवा लागतो.

काटा ती टाचेनं दाबायचा. दोनदा.

टक्... टक्.

"एकदा मशीनसाठी, एकदा माझ्यासाठी," असं म्हणायचा. आणि तारा लावायचा उलट्या, बारीक तारेपासून जाड तारेकडे. बाकी सगळे जाड तारेपासून सुरू करतात.

"तुझं हे भांड्यांचं दुकान आवर रे," तो फिरक्याला म्हणायचा. "तीन पुष्कळ होतात."

"आणि एवढा कान आहे तर तुला डबी कशाला, साडू?"

"स्टेजवर गोंगाटात काय ऐकू येणार? तिथं मी डबीवर विश्वास ठेवतो."

फिरक्यानं हे बरोबर लक्षात ठेवलं.

त्या डबीच्या मागे एक बारीक बटण असतं. बँडमधले सगळे चारशे चाळीस या आकड्यावर वाद्यं लावतात. बटण पाच वेळा दाबलं की आकडा चारशे पस्तीस होतो. घड्याळ दहा मिनिटं मागे केल्यासारखं. माणूस वेळ बघून निघतो, आणि तरी गाडी चुकते.

ही युक्ती फिरक्याला कोणी शिकवली, ते सध्या राहू द्या.

एका कंपनीची पार्टी होती. तीनशे माणसं. काट्यानं तारा लावल्या. सहा वेळा हिरवा दिवा. पहिलं गाणं सुरू झालं आणि कीबोर्डवालीनं चिंच चावल्यासारखं तोंड केलं.

"कोण उतरलंय?"

काट्यानं पुन्हा लावल्या. पुन्हा हिरवा. पुन्हा बेसूर. तिसऱ्या गाण्याला त्यानं आवाज शून्यावर नेला आणि नुसते हात हलवत उभा राहिला.

फिरक्याला हसू आवरेना. इंटरव्हलला सांगायचं, सगळे पोट धरून हसतील, काटा चार शिव्या घालेल, मग चहा. असा बेत.

इंटरव्हलला काटा जिन्यात बसला होता.

"साडू... माझे कान गेले रे."

आणि रडायला लागला.

रडणाऱ्या माणसाला गंमत कशी सांगणार? फिरक्यानं ते उद्यावर ढकललं. आणि सामान भरताना, कोणाचं लक्ष नाही बघून, आकडा परत चारशे चाळीस करून ठेवला.

घात झाला तो इथं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यानं डबी तपासली. बरोबर चारशे चाळीस. म्हणजे मशीन ठीक. म्हणजे माणूसच बिघडलाय.

त्यानं गिटार खोक्यात ठेवली, ती कायमची. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, कान तरण्या पोराचे आहेत. काटा म्हणाला, "त्याला काय कळतंय सुरातलं!"

आठ महिन्यांनी गेला. झोपेतच.

फिरक्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. रोज "उद्या" म्हणत राहिला.

मग चार महिन्यांनी... फिरक्या उतरायला लागला.

डबीवर हिरवा दिवा. आकडा बरोबर. आणि तरी पहिल्याच गाण्याला कीबोर्डवालीचं तोंड वाकडं.

त्यानं नवा ट्यूनर घेतला. तेच.

चौदातली दहा पेडल विकून चारच ठेवली. "आता सगळे कमीच ठेवतात," म्हणाला. तेच.

मग ती चारही काढून प्रोसेसर आणला. सगळे आवाज एकाच पेटीत, वर टीव्हीसारखा पडदा. दोन दिवस बरा वाजला. तिसऱ्या दिवशी तेच.

"बायको सोडून सगळं बदललंस रे!" ड्रमर म्हणाला. सगळे हसले.

फॅशन करतोय असं वाटायचं लोकांना. तो पळत होता.

एकदा कीबोर्डवालीनं त्याच पेटीवर, त्याच गिटारच्या तारा लावून दाखवल्या. सुरात. त्यानं लावल्या. बेसूर. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

"महिनाअखेरपर्यंत बघतो," बँडचा मालक म्हणाला. "मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

तीस वर्षं वाजवणारा माणूस. दुसरं काही येत नाही.

तर तो मंगळवार.

फिरक्या स्टेजवर बसून घाम पुसत होता. गिटार खोक्यात. प्रोसेसर चालू, पण त्याला गिटारची वायरही जोडलेली नाही. स्पीकरमधून नेहमीची बारीक गुणगुण येत होती.

आणि मग...

टक्... टक्.

गुणगुण थांबली. पंख्याचा आवाजही कमी झाल्यासारखा वाटला.

पडद्यावर ट्यूनर उघडला. आपोआप.

बारीक तारेच्या सुराचं अक्षर आलं. लाल... लाल... हिरवं.

मग तिच्याखालची. मग तिसरी.

कोणीतरी घाई न करता तारा लावत होतं. उलट्या. बारीक तारेपासून.

सहावी तार हिरवी झाली. मग कोपऱ्यातला आकडा हलला. चारशे एकोणचाळीस. अडतीस. सदतीस. छत्तीस.

पस्तीस.

तिथं थांबला. मग एकदम परत चारशे चाळीस.

आणि गुणगुण पुन्हा सुरू झाली.

"त्याला कळलंय," फिरक्या म्हणाला. "किती वेळा दाबलं... तेपण कळलंय."

तसाच उठला आणि काट्याच्या घरी निघाला. मी मागोमाग. काट्याची बायको म्हणजे फिरक्याची थोरली मेव्हणी. तिला तो ताई म्हणतो. ताई इस्त्री करत होत्या. फिरक्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बटण, पार्टी, जिना, आकडा परत फिरवणं.

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"शेवटी शेवटी दाराची बेल वाजली की मला विचारायचे," त्या म्हणाल्या. "सुरात वाजली का गं? मी हो म्हणायचे. तर म्हणायचे, माझी समजूत काढू नकोस."

मग आत जाऊन ती फळी घेऊन आल्या. धूळ पुसून टेबलावर ठेवली.

"मला नका सांगू. त्यांना सांगा. मोठ्यानं."

फिरक्यानं हात जोडले. "काटा... तुझे कान गेले नव्हते रे. मी बटण दाबलं होतं. तू सुरातच होतास."

काहीच झालं नाही.

मग...

टक्... टक्.

हिरवा दिवा लागला. श्वासभर. आणि विझला.

ताईंनी डबी फळीवरून सोडवून उलटी केली, झाकण उघडून आम्हाला दाखवलं.

आत बॅटरी नव्हती.

शनिवारच्या कार्यक्रमाला फिरक्या असा सुरात वाजला की कीबोर्डवालीनं मान डोलावली. मालकानं पाठ थोपटली. सगळे खूष.

मी जरा जास्तच खूष. कारण फिरक्यानं सगळं सांगितलं, पण एक गाळलं. ते बटण कुठं असतं, हे त्याला मी दाखवलं होतं. आणि सामान भरताना "आकडा जागेवर ठेव रे, पुरावा नको" हेही मीच त्याच्या कानात सांगितलं होतं. भाऊ तो भाऊ. माझं नाव घेतलं नाही. म्हटलं, सुटलो!

परवा सकाळी कुरिअरवाला आला. बेल वाजली. आमच्या बेलचे दोन सूर आहेत, वीस वर्षं ऐकतोय.

खालचा सूर... जरासा उतरलेला होता.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "काहीतरीच! रोजच्यासारखीच तर वाजली."

काल मिक्सरवर बसलो. सगळा बँड मला बेसूर ऐकू येत होता. आणि स्टेजवर सगळे एकमेकांकडे बघून हसत वाजवत होते.

"ठीक आहे ना आवाज?" मालकानं विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

ताईंचं घर दोनच गल्ल्या सोडून आहे. सकाळपासून तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या.

उद्या जातो. उद्या नक्की.