हळू बोलणारं घराणं

काम तसं साधंच होतं. लेकीला आठवा महिना लागला होता. बाळाच्या वडिलांकडे कुणाला साखर, दमा, फिट्स असं काही होतं का, निदान तीन पिढ्यांचं विचारून या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. जावई नेहमीसारखा खाली मान घालून कुजबुजला, "आत्याला ठाऊक असेल." म्हणून निवृत्त कंडक्टर दुपारच्या बसने जावयाच्या आत्याकडे निघाले.

कंडक्टरांचा आवाज म्हणजे भोंगा. सगळी हयात गच्च भरलेल्या बसमध्ये ओरडण्यात गेलेली. लेक म्हणायची, "बाबा, तुम्ही कानात काही सांगितलं तरी शेजारी उत्तर देतात." जावई मात्र इतका हळू बोलायचा की लग्नात त्यांना वाटलं, पोराचा घसा बसलाय. तीन वर्षं झाली, घसा काही उठला नाही.

आत्याबाईंच्या दाराला घंटी नव्हती. दाराच्या कडेला जाड कापडाच्या पट्ट्या ठोकलेल्या, जमिनीवर गालिच्यावर गालिचा. घरभर ओलसर लोकरीचा वास कोंडलेला. बाहेरून ट्रक गेला, तर आत फक्त कपातलं पाणी थरथरलं.

"नमस्कार, आत्याबाई!"

म्हातारीने दोन्ही कान झाकून घेतले. "हळू..."

त्यांनी ओशाळून आवाज खाली आणला आणि दुखण्यांची चौकशी केली.

"दुखणं एकच आहे," ती म्हणाली. "पण डॉक्टर ते लिहून घेत नाहीत." मग तिने वाकून त्यांच्या कानात आपल्या आजोबांचं नाव सांगितलं.

कंडक्टरांच्या मानेवर काटा आला. ज्याच्या एकेका भाषणानंतर गावंच्या गावं मशाली घेऊन शेजाऱ्यांच्या दारात गेली, त्या हुकूमशहाचं नाव होतं ते.

"आडनाव आम्ही बदललं," म्हातारी कुजबुजली. "लोक म्हणतात, तो छान बोलायचा. छान कसलं हो! काय बोलला ते घरी जाऊन कुणालाच आठवायचं नाही. नुसतं अंग आपोआप उठून चालू लागायचं... त्याचा आजोबा नावाडी होता. पुराच्या दिवसांत त्याने एकदा पलीकडच्या माणसांना हाक मारली. नावेची वाट कुणी पाहिली नाही. पाण्यात चालत गेली सगळी."

"आणि तुमचे वडील?"

"ते साधे. मधली एक पिढी गप्प जाते. मग माझा भाऊ, तुमच्या जावयाचा बाप. लहानपणी शाळेच्या अंगणातून ओरडला, या रे खाली! गच्चीवरची पोरं..." ती थांबली. "त्यानंतर मरेपर्यंत तो बोलला नाही."

कंडक्टर नकळत बोटांवर पिढ्या मोजत होते. नावाडी, मधला गप्प. हुकूमशहा, मधला गप्प. भाऊ, मग जावई... पुढचं बोट त्यांनी मुठीत घट्ट दाबून धरलं.

"उपाय?"

"मूल ऐकतं तोच आवाज उचलतं. भावाला आम्ही उशिरा ओळखलं. तुमच्या जावयाला मोठा आवाज ऐकूच दिला नाही. तुमचं मन दुखवायचं नाही मला, व्याही, पण बाळाजवळ तुम्ही..."

नातवंडाला खांद्यावर घेऊन बसथांब्यांची नावं ओरडून दाखवायची, एवढीच तर त्यांची हौस उरली होती. जाताना त्यांनी दारात विचारलं, "असा आवाज असलेले तिघेही पुरुषच ना?"

"आजवर तरी..."

लेकीला त्यांनी सांगितलं, "काही दुखणं नाही गं त्यांच्याकडे." आणि रोज आरशासमोर उभं राहून ते कुजबुजायला शिकू लागले. लेक हसायची. "बाबा, कुणाच्या घरी चोरी करायला निघालात?"

सकाळच्या उन्हात बाळ जन्माला आलं. रडलं नाही. श्वास छान होता, रंग छान होता. नुसतं डोळे उघडे ठेवून ऐकत होतं. कंडक्टर चपला हातात घेऊन वॉर्डात आले. नर्स हसून म्हणाली, "आजोबा, मुलगी आहे."

इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं एका झटक्यात उतरलं. मुलगी! त्या घराण्याच्या हिशेबात नसलेली!

"मुलगी!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "अगं, मुलगी झाली!" आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला.

पाळण्यात बाळाने मान वळवून त्यांच्याकडे तोंड केलं. आणि रडलं. एकदाच.

खाटांच्या स्प्रिंगा करकरल्या. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. ओल्या बाळंतिणी, सलाइन लावलेल्या, सगळ्या. नर्सच्या हातातला ट्रे पडला, तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. फक्त जावई स्टुलावर बसून राहिला, तोंड ओंजळीत लपवून.

बाळ झोपी गेलं. पण कुणीच बसेना. कंडक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले. वाकले नाहीत. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. तिथली माणसं जागच्या जागी ताठ उभी होती, माना वर करून याच खिडकीकडे पाहत. इतक्या खाली तान्ह्या मुलीचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं.

लेक खाटेजवळ अनवाणी उभी होती. तिच्या घोट्यांवरून रक्ताची धार उतरत होती.

"बस गं बाळा," ते कसेबसे कुजबुजले. "टाके तुटतील..."

तिने त्यांच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"शू... बाबा, ती झोपलीय. उठली की सांगेल, पुढे काय करायचं ते."