खिशातली दीर्घिका

स्वच्छ शर्ट धुवायला आणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा? लाँड्रीच्या मालकीणबाईंनी कॉलर उलटून पाहिली, नाकाशी नेली. डाग नाही, घामाचा वास नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा! आणि वेधशाळेतला हा पोरगा शर्ट देताना बघत होता इस्त्रीकडे... म्हणजे इस्त्री धरलेल्या त्यांच्या धाकट्या लेकीकडे. धाकटीही अशी, की वाफेच्या आडून हसत होती.

कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासायचे, हा बाईंचा नियम. ते काम धाकटीचं. आज बाईंनी स्वतःच हात घातला. चिठ्ठी निघाली. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर लावत त्यांनी वाचलं. वर धाकटीचं अक्षर – ‘बिचारी! मग पुढे काय झालं?’ खाली त्याचं – ‘मोठीनं तिचं सगळं हळूहळू ओढून घेतलं. आता फक्त गाभा उरलाय.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठी काउंटरवर आपटून त्या म्हणाल्या, “कोण हो ही? पहिली बायको? आणि लुबाडलं कोणी तिला, मोठ्या जावेनं?”

“नाही हो काकू! ती... दीर्घिका आहे.”

“नाव कोणी विचारलं? असते कुठे ती?”

धाकटी इस्त्री उभी करून धावली. “आई, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव गं, आकाशातलं! मी विचारते, ते लिहून देतात.”

पोरगा अडखळत सांगू लागला. आकाशात ताऱ्यांचा एक दाट पुंजका आहे. वाटायचं, सगळे तारे एकाच वेळी जन्मलेले असतील. तपासलं तर काही म्हातारे, काही बरेच तरुण. म्हणजे हा नुसता पुंजका नव्हे. एके काळी ती छोटी दीर्घिका होती. एका मोठ्या दीर्घिकेच्या जवळ गेली... तिच्या ओढीनं बाहेरचे तारे एकेक करून निसटले. मधले एकमेकांना घट्ट धरून होते, तेवढे राहिले.

बाईंना थोरली लेक आठवली. इथं होती तेव्हा गिऱ्हाइकांशी खणखणीत भांडायची. आता भल्यामोठ्या सासरहून फोन करते, तर हसतेसुद्धा दबक्या आवाजात.

“घरी माणसं किती तुमच्या?”

“अकरा...”

“आणि हिला त्यात नेऊन टाकायचा बेत!”

पोराचे कान लाल झाले.

“मी जाणारच नाही म्हणून सांगितलंय त्यांना,” धाकटी हळूच म्हणाली. “मला माझं काम सोडायचं नाही.”

“आणि मला...” तो थांबला. “मला यांना सोडायचं नाही. म्हणून इथंच, पलीकडच्या गल्लीत खोली बघितलीय. घरी सांगून झालंय, काकू. तुम्हाला विचारायचाच धीर होत नव्हता.”

बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. त्याची नजर खाली गेली नव्हती. काउंटरवरचा त्याचा हात धाकटीच्या बोटांपासून वीतभर दूर – आणि ती वीत हळूहळू कमी होत होती.

“ऐका,” बाई कडाडल्या. “पोरगी मी तुम्हाला देणार नाही. तुम्हालाच ठेवून घेते!”