पतंग न बसलेली जागा

पतंग मोजायचं काम धाकटीकडे वारशाने आलं. आधी ते तिची थोरली जाऊ करायची. रानाच्या कडेला पांढरी चादर बांधायची, समोर दिवा ठेवायचा, आणि चादरीवर बसतील तेवढे पतंग जातवार मोजून वहीत मांडायचे. प्रत्येक ऋतूत एकदा. उन्हाळ्यात बरे येतात, पावसाळ्यात तर पतंगांखाली चादरच दिसत नाही, थंडीत मात्र नावाला दहा-बारा. गेल्या पावसाळ्यात मोजणीहून परतताना थोरली ओढ्याच्या पुरात गेली. सोबत तिचा नवरा होता, धाकटीचे भावजी. हात सुटला, एवढंच म्हणाले.

थंडीच्या मोजणीला धाकटी निघाली, तर भावजी दिवा उचलून दारात उभे.

"तुम्ही कशाला भावजी? गुडघे आधीच कुरकुरतायत."

"कुरकुरू देत. तेवढीच तुझी बडबड कमी ऐकू येईल."

तासाभरात सात पतंग आले. धाकटी वही मिटणार, तोच अंधारातून फडफड आली. पावसाळ्यातले मोठे हिरवे पतंग, आणि ते भर थंडीत. बघता बघता चादर भरली. जमीन ठणठणीत कोरडी, तरी गढूळ पाण्याचा वास सुटला. चादरीच्या मधोमध माणसाएवढी जागा तेवढी मोकळी राहिली. दिव्यापुढे कोणी उभं असलं की त्याच्या सावलीत पतंग बसत नाहीत, हे धाकटीला ठाऊक होतं.

"भावजी, दिव्यासमोरून सरा ना."

"मी तुझ्या मागे आहे..."

मोकळी जागा काळीही नव्हती. लख्ख पांढरी होती. डावा खांदा जरा उतरलेला, थोरलीचा असायचा तसा.

मग पतंग चादरीवरून उठले आणि भावजींवर बसले. मानेवर, पाठीवर, बाह्यांवर, बोटांवर. उजव्या मनगटावर फक्त चार बोटं रुंदीची पट्टी उघडी राहिली.

"हात सुटला नव्हता गं," भावजी हळूच म्हणाले. "मीच सोडला. दोघंही गेलो असतो..."

धाकटीने त्यांचा डावा हात धरला. "चला घरी."

"ती सोडत नाहीये..."

धाकटीने पायानेच दिवा आडवा केला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. चिखलात रुतलेली गाडी निघावी तसे भावजी आधी हललेच नाहीत, मग एकदम सुटले.

घरी आल्यावर वहीत तिने सातच लिहिले. बाकीचे कोणत्या ऋतूत मांडायचे, हे तिला कळेना.

भावजी धडधाकट आहेत. दोन वेळा जेवतात, धाकटीला टोमणेही मारतात. फक्त कधीमधी घरातल्या दिव्यावर आलेला एखादा पतंग त्यांच्या उजव्या बाहीवर बसतो आणि चालत खाली निघतो. मनगटाशी आला की हवेतच वर चढतो. एकामागून एक चार उंचवटे ओलांडावेत तसा चालतो, आणि पलीकडे तळहातावर उतरतो.