कोंडाजीचा बोगदा

दार लोटून घ्या रे, आणि ती बॅटरी माझ्या तोंडावर मारू नका. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. निवृत्तीच्या तोंडून मी स्वतः ऐकलीय, आणि निवृत्ती खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणजे, आयुष्यात एकदाच बोलला. त्याचीच ही गोष्ट आहे.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. सोळा डिसेंबर, गुरुवार. आदल्या दिवशीच अमावस्या झालेली. संध्याकाळी सातच्या सुमाराला निवृत्तीने सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधलं आणि नाशिकरोडहून देवळाली गावाकडे निघाला. काम साधं होतं. कोंडाजीच्या शेडमधलं आपलं इंजिन घरी आणायचं. कोंडाजी जाऊन दीड महिना झाला होता, आणि त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, शेड भाड्याने द्यायची होती.

आता हे इंजिन म्हणजे काय, ते ऐका. निवृत्ती सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. कोंडाजी रेल्वेत केबिनमन, सिग्नल ओढणारा. आणि तिसरा वाळू, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. तीन दिशांची तीन तोंडं, पण वेड एकच. कोंडाजीच्या शेडमध्ये त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्यांवर खेळण्यातली रेल्वे मांडली होती. खेळण्यातली म्हटलेलं तिघांनाही खपायचं नाही, तो भाग वेगळा. निवृत्तीला फक्त इंजिनात रस. दीड हात लांब, पितळी, खरोखर वाफेवर चालणारं इंजिन त्याने चार वर्षं खपून केलं. कोंडाजीला हवे सिग्नल, घंटा, नियम; त्याचं सगळं काम निवृत्तीच्या निम्म्या मापाचं. वाळूला मापाशी देणंघेणंच नव्हतं. त्याने केलेली मातीची शेळी कोंडाजीच्या स्टेशनमास्तरापेक्षा उंच होती. त्यावरून रोज वाद व्हायचे आणि रोज चहा व्हायचा. दोन्ही मापांच्या गाड्या धावाव्यात म्हणून त्यांनी दोनाऐवजी तीन रूळ टाकले होते, म्हणजे बघा.

नियम मात्र एक होता, आणि तो तिघांनी पाळायचा. दुसऱ्याच्या कामाला कानस लावायची नाही. विचारल्याशिवाय तर नाहीच.

कोंडाजीने आठ महिने बसून एक बोगदा बांधला. कसाऱ्याच्या घाटातून दगड आणून, एकेक खडा हरभऱ्याएवढा फोडून. बोगदा त्याच्या मापाचा. निवृत्तीचं इंजिन त्याच्या तोंडाशी येऊन थांबायचं आणि डोंगराबाहेरच्या वेगळ्या रुळाने वळसा घालायचं. एकदा पाहुणे आले आणि हसले. "एवढं मोठं इंजिन, आणि डोंगराला भितंय होय?" ते निवृत्तीच्या जिव्हारी लागलं.

त्या आठवड्यात कोंडाजी ड्यूटीवर असताना तो एकटा शेडमध्ये गेला. छिन्नी घेतली. नुसती कमान बोटभर उंच करू, कोंडाजीला कळणारही नाही, असं त्याच्या मनात होतं. तिसऱ्याच घावाला अख्खा डोंगर खाली बसला.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीने विचारलं, "कोणी केलं हे?"

निवृत्तीच्या तोंडून निघून गेलं, "वाळूच्या हातून फळी पडली बहुतेक."

बहुतेक. त्या एका शब्दामागे तो लपला. वाळूने शपथा घेतल्या. कोंडाजीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "वाळू, उद्यापासून येऊ नको."

वाळू आला नाही. कोंडाजीने बोगदा पुन्हा बांधला, तितकाच उंच, खड्याला खडा लावून. निवृत्ती त्याला दगड धुऊन द्यायचा, आणि रोज ठरवायचा की आज सांगू. तो बोगदा पुरा झाला आणि पंधरा दिवसांत कोंडाजी केबिनमध्येच छातीत कळ येऊन गेला. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तर त्या रात्री निवृत्ती शेडमध्ये शिरला तेव्हा वीज गेलेली होती. वहिनींनी कंदील दिला. म्हणाल्या, "घंटेचे सेल मी रेडिओला काढून घेतलेत हं, भाऊजी. बाकी सगळं हाय तसंच हाय." आणि चहा टाकायला घरात गेल्या.

त्याने गोणपाट अंथरलं. बाहेरच्या रुळावर उभ्या असलेल्या इंजिनाखाली हात घातले.

टण्.

बोगद्याच्या पलीकडे कोंडाजीचं स्टेशन होतं. तिथली घंटा वाजली होती.

मांडणीतल्या दोन स्टेशनांमध्ये घंटेची तार होती. गाडी सोडायच्या आधी एका टोकाने एक ठोका द्यायचा, म्हणजे, लाइन मोकळी आहे का? दुसऱ्या टोकाने दोन ठोके दिले, की मोकळी आहे. कोंडाजी नेहमी सांगायचा, बाकी कुठंही खोटं बोला, घंटेला खोटं उत्तर देऊ नका, माणसं मरतात.

टण्.

निवृत्तीने हात काढून घेतले. सेल नाहीत. आत्ताच वहिनी म्हणाल्या, सेल नाहीत.

"कोण हे?"

कोणी नाही. कंदिलाची वात खाली गेली. त्याने चढवली. पुन्हा गेली. मग विझलीच.

अंधार. गार पडलेली शेड. आणि तो वाट बघत होता... कशाची, ते त्याला ठाऊक होतं.

टण्.

त्याच्या हाताशी अलीकडच्या स्टेशनाची घंटा होती. दोन ठोके द्यायचे, बस्स. हात उचलेना. लाइन मोकळी नव्हती. त्याच्याइतकं ते कोणाला माहीत होतं?

तो खाली बसला.

"आण्णा..." तो म्हणाला. कोंडाजीला तो आण्णाच म्हणायचा. "बोगदा मी फोडला. वाळूने नाही. मी."

...

"लाज वाटली म्हणून खोटं बोललो. मग तुमची भीती वाटली. मग... तुम्हीच राहिला नाहीत."

स्वतःचा श्वास फक्त.

मग त्याच्या हाताजवळची घंटा वाजली. त्याने हात लावला नव्हता.

टण्. टण्.

आणि अंधारात चाकं हलली. आधी हळू. मग रुळाचा सांधा लागल्याचा आवाज. खट्... खट्. जवळून गेलं काहीतरी. तेलाचा वास. आवाज लांब गेला, घुमला... आणि थांबला.

"भाऊजी." दारात वहिनी उभ्या होत्या. हातात चहाचा कप, तसाच.

"किती ऐकलंत?"

"सगळं." त्यांनी कप फळीवर ठेवला. मग म्हणाल्या, "वाळूभाऊजी मयताला आलते. लिंबाखाली उभे होते, लांब. मीच त्यांना जवळ येऊ दिलं नाय. ह्यांचं तोंडसुदिक बघू दिलं नाय."

निवृत्तीला वाटलं, ह्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

"आत्ता जा," त्या म्हणाल्या. "घेऊन या त्यांना."

तो गेला. वाळूच्या उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, बायकापोरांसमोर. वाळू शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने चपला घातल्या आणि बॅटरी घेतली.

सव्वादहाला ते दोघं शेडमध्ये आले. इंजिन रुळावर नव्हतं. गोणपाट रिकामं. फळ्यांखाली पाहिलं, अंगणात पाहिलं. शेवटी वाळूने वाकून बोगद्यात बॅटरी मारली, आणि तसाच वाकलेला राहिला.

इंजिन आत होतं. बरोबर मधोमध.

वाळूने खिशातून टेप काढली. कमान मोजली, दोन्ही तोंडं मोजली. इंजिनाची उंची निवृत्तीला पाठ होती. बोगदा बोटभर कमी भरला. कमानीचा एक खडा हललेला नव्हता.

शेड काही भाड्याने गेली नाही. इंजिन अजून तिथेच आहे. बाहेर काढायचं तर बोगदा फोडावा लागेल, आणि तो कोण फोडणार? मी स्वतः आडवा पडून आत पाहिलंय. चिमणी छताला टेकलेलीसुद्धा नाही. वर चांगली बोटभर जागा आहे.